गोदावरीतल्या परक्या पाणगोगलगायी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीकाठी फिरणारे, घरात माशांची टाकी ठेवणारे, शेततळं असलेले द्राक्षबागाईतदार आणि रोज गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) जाणारे नाशिककर यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर ३ (ओळख), ९ (टाकी रिकामी करणं) आणि १२ (मोरचूद) एवढे तरी वाचाच. बहुतेक नुकसान या तीन ठिकाणी होतं.

१. नदीत गोगलगायी पूर्वीपासून आहेतच. मग ‘परकी’ कोणाला म्हणायचं?

गोदावरीच्या स्वतःच्या गोगलगायी आहेत आणि त्या बऱ्याच आहेत. बेलामिया (फुगीर, शंकूसारखी, तोंडावर झाकण असलेली), अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात भेटणारी पायला, पातळ शंखाची लिम्निया, चपट्या चकलीसारखी इंडोप्लॅनॉर्बिस, लांबट मळसूत्री मेलानॉइडिस. या सगळ्या इथल्याच. वाळूत रुतून बसणारे शिंपलेही इथलेच.

परकी म्हणजे माणसाच्या हातून, मुद्दाम किंवा नकळत, दुसऱ्या खंडातून आलेली. प्रत्येक परकी जात आक्रमक नसते. २०२३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने जो जागतिक अहवाल दिला, त्यात माणसाने इकडून तिकडे नेलेल्या ३७,००० पेक्षा जास्त जाती मोजल्या आहेत आणि त्यातल्या ३,५०० पेक्षा जास्त घातक ठरवल्या आहेत. म्हणजे साधारण दहात एक. ती एक आपल्या नदीत कोणती, हे ओळखणं महत्त्वाचं.

२. सध्या नेमकी कोणत्या जातीची काळजी करायची?

पहिली फायसा अक्युटा. मूळची उत्तर अमेरिकेची. गंमत अशी की तिला शास्त्रीय नाव मिळालं ते १८०५ साली, फ्रान्समधल्या गारोन नदीवरून. म्हणजे विज्ञानाने तिची नोंद घेतली तेव्हाच ती घराबाहेर पडलेली होती, आणि पुढे कित्येक वर्षं लोक तिला युरोपचीच समजत राहिले. आज अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत ती आहे, भारतातही आहे.

दुसरी पोमेसिया, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या ‘अॅपल स्नेल’. तिच्याबद्दल वेगळी खबरदारी लागते, ती प्रश्न १८ मध्ये.

३. फायसा ओळखायची कशी? सगळ्या सारख्याच दिसतात.

शंखाचं टोक वर धरा आणि शंखाचं तोंड स्वतःकडे करा. तोंड तुमच्या डाव्या हाताला आलं आणि शंखाला उंच टोक असलं, तर ती फायसा असण्याची शक्यता फार मोठी. बेलामिया, पायला, लिम्निया, मेलानॉइडिस या सगळ्यांचं तोंड उजवीकडे येतं.

बाकीच्या खुणा: शंख चकचकीत, पातळ, अर्धपारदर्शक, बहुधा एक सेंटिमीटरच्या आसपास, क्वचित दीड. तोंडावर झाकण नाही. जिवंत असताना तिची शिंगं दोऱ्यासारखी बारीक दिसतात. लिम्नियाची शिंगं चपटी, त्रिकोणी असतात. चालही चांगली वेगवान, काचेवर सरसर सरकते.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. इंडोप्लॅनॉर्बिस चपटी असल्याने तिला वर-खाली कसंही धरलं जातं आणि ती कधी डावी, कधी उजवी वाटते. तिला उंच टोक नसतं, एवढं बघा आणि सोडून द्या. दुसरी फसगत मोबाइलची. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो बऱ्याच फोनमध्ये आरशासारखा उलटा साठवला जातो, म्हणजे अगदी देशी लिम्निया डावी दिसते. फोटो नेहमी मागच्या कॅमेऱ्याने काढा. मला येणाऱ्या ‘परक्या’ गोगलगायींच्या फोटोंत देशी जाती फार निघतात, म्हणून मारण्याआधी ओळखा हे आग्रहाने सांगतो.

४. ती आपल्या नद्यांत पोचली कशी?

जगभर तिचा मोठा रस्ता म्हणजे शोभेच्या माशांचा आणि पाणवनस्पतींचा व्यापार. पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांचा पारदर्शक लगदा चिकटलेला असतो, तो दुकानदाराला दिसत नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही. पुढे टाकीचं पाणी गटारात, गटार नासर्डी किंवा वाघाडी या उपनद्यांत, आणि तिथून गोदावरीत.

एकदा पाण्यात आली की ओल्या जाळ्यांबरोबर, होड्यांना लागलेल्या शेवाळाबरोबर, गाळ काढणाऱ्या यंत्रांच्या पट्ट्यांबरोबर, पक्ष्यांच्या पायांना चिकटून ती पुढे जाते. पक्ष्यांना थांबवता येत नाही. बाकीचे रस्ते मात्र आपल्याच हातात आहेत.

५. रामकुंडावरून तीर्थ आणलं, तांब्यात बारीक शंख दिसले. काय करू?

घाबरण्यासारखं काही नाही. पाणी स्वच्छ सुती फडक्यातून गाळून घ्या, फडक्यावर राहिलेलं उकळत्या पाण्यात बुडवून मग मातीत पुरा. गाळलेलं पाणी तुळशीला घातलंत तर चालेल. ते विहिरीत, गावच्या तळ्यात किंवा कमळाच्या टाक्यात सोडू नका, कारण अंडी फडक्यातूनही निसटू शकतात. बाहेरगावचे पाहुणे गंगेचं पाणी बाटलीतून नेतात आणि उरलेलं आपल्या गावच्या नदीत श्रद्धेने सोडतात. त्यांनाही हे सांगा. पिण्याबद्दल विचाराल तर न उकळता नको, आणि त्याचं कारण गोगलगायीपेक्षा सांडपाणी हे आहे.

६. इतक्या लवकर वाढतात कशा? आठवड्यात टाकी भरली!

फायसा उभयलिंगी असते. जोडीदार मिळाला तर त्याच्याशी, नाहीच मिळाला तर काही दिवस वाट पाहून स्वतःच स्वतःची अंडी फलित करते. म्हणून एक गोगलगाय पुरते. अंडी काही डझनांच्या लगद्यात घातली जातात, उबदार पाण्यात आठवडा-पंधरवड्यात फुटतात आणि पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः अंडी घालायला लागतात. नाशिकच्या हवेत हे चक्र वर्षात अनेकदा फिरतं.

याच्या उलट आपली बेलामिया अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते, आणि तीही एका वेळी थोडीच. एखाद्या उन्हाळ्यात कुंड कोरडं पडलं किंवा पाण्यात विष मिसळलं तर बेलामियाला पुन्हा उभं राहायला वेळ लागतो. फायसाला लागत नाही.

७. शहराच्या वरच्या बाजूपेक्षा पंचवटी-टाकळीच्या पट्ट्यात अशा गोगलगायी जास्त का दिसतात?

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा हाच प्रश्न आहे.

फायसा फुप्फुसासारख्या पिशवीने हवेतला प्राणवायू घेते. पृष्ठभागावर येते, श्वास भरते, खाली जाते. बेलामिया, मेलानॉइडिस आणि शिंपले कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतात. सांडपाणी मिसळलं की जिवाणू ते कुजवताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. कल्ल्यांवर जगणारे गुदमरतात आणि हवेवर जगणारी फायसा मागे उरते. तिच्यासाठी जेवणही वाढून ठेवलेलं असतं, कारण सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं. निर्माल्य आणि पिठाचे गोळे त्यात भर घालतात.

दुसरं कारण काँक्रीट. वाळू, गोटे आणि चिखल असलेल्या तळात शिंपले रुततात, मेलानॉइडिस दिवसा पुरून घेते. तळाला काँक्रीट केलं की त्यांचं घर गेलं, आणि सपाट, शेवाळी भिंतीवर चरणाऱ्या फायसाला आयतं कुरण मिळालं. धरणातून आवर्तन नसतं तेव्हा पाणी साचून राहतं, तेही तिच्याच सोयीचं. फायसाने नदी घाण केलेली नाही. घाण झालेल्या, अडवलेल्या, तळ लिंपलेल्या नदीत ती येऊन बसली. त्यामुळे नुसत्या गोगलगायी वेचून काही साधत नाही, हे मी प्रत्येकाला सांगत असतो.

८. मग तिचं नुकसान ते काय? शेवाळ खाते म्हणजे चांगलंच की.

शेवाळ देशी लिम्निया आणि इंडोप्लॅनॉर्बिसही खातात. जागा आणि अन्न मर्यादित असताना जी जास्त वेगाने वाढते ती बाकीच्यांना बाजूला सारते. एकाच जातीची गर्दी झाली की तिला खाणारेही बदलतात. नांदूर मध्यमेश्वरला येणारा मुग्धबलाक, ज्याच्या चोचीत मधे फट असते, तो मुख्यतः पायला आणि शिंपले यांच्यावर जगतो. त्याच्या चोचीची घडणच मोठा शंख धरून आतलं मांस ओढून काढण्यासाठी आहे. एक सेंटिमीटरची फायसा त्याच्या काय कामाची?

तरीही प्रमाण सोडून बोलू नये. फायसा भात फस्त करत नाही, माणसाला चावत नाही. पोमेसियाने आग्नेय आशियात जे केलं त्याच्या तुलनेत तिचा उपद्रव पुष्कळच कमी आहे. ती वाढली आहे म्हणजे त्या जागेवरून इतर जीव निघून चालले आहेत, आणि चिंता त्यांची आहे.

९. माशांची टाकी बंद करायची आहे. गोगलगायी जिवंत आहेत, मारायला जीव होत नाही. गंगेत सोडल्या तर?

नाही. कृपा करून नाही. ही भावना मला समजते. विचारणाऱ्यांत लहान मुलंही असतात. टाकीतला जीव नदीत सोडणं ही भूतदया नव्हे, कारण तिथल्या देशी जिवांचं मरण त्यातून सुरू होतं. हीच गोष्ट टाकीतल्या माशांची आणि लाल कानपट्टीच्या परदेशी कासवांचीही.

दुकानदार परत घेत असेल किंवा दुसरा कोणी हौशी टाकीवाला घेणार असेल तर त्याला द्या. नसेल तर गोगलगायी पिशवीत घालून फ्रीजरमध्ये पूर्ण एक दिवस ठेवा, मग कुंडीत किंवा बागेच्या मातीत पुरा. वनस्पती उन्हात कडकडीत वाळवून कचऱ्यात द्या. टाकीचं पाणी गटारात, संडासात किंवा बेसिनमध्ये न ओतता कोरड्या मातीवर, झाडाच्या आळ्यात ओता. टाकी, गाळणी, खडे उन्हात काही दिवस वाळू द्या.

१०. पाणवनस्पती विकत घेताना काय बघायचं?

पानाची खालची बाजू आणि देठाचा सांधा. तिथे जेलीसारखा पारदर्शक ठिपका दिसला तर बोटाने खरवडून काढा. नवी वनस्पती लगेच टाकीत न घालता दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा. लपलेली अंडी तेवढ्यात फुटतात आणि पिल्लं बादलीच्या कडेवर दिसू लागतात. गच्चीवर कमळ लावणाऱ्यांनी हे जरूर करावं, कारण कमळाच्या टाक्याचं पाणी पावसात ओसंडून थेट गटारात जातं.

कायद्याचंही विचारतात म्हणून सांगतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परक्या प्रजातींची तरतूद आली आणि अशा प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणं यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला.

११. शेततळ्यात बारीक गोगलगायी झाल्यात, ठिबकच्या नळ्या चोंदतात. उपाय सांगा.

निफाड-दिंडोरीकडून हा प्रश्न दर हंगामात येतो. तळ्यातली मोठी गोगलगाय नळीत जात नाही; जातात ती पिल्लं आणि अंडी, आणि ती आत वाढतात. म्हणून लढाई पंपाच्या तोंडाशी करायची.

फूट व्हॉल्व्ह तळाला टेकू देऊ नका आणि कडेलाही लावू नका. तो पिंपावर किंवा तराफ्यावर बांधून मधल्या पाण्यात, पृष्ठभागाच्या थोडं खाली ठेवा. त्याला बारीक जाळी लावा आणि ती नेमाने घासा. सँड फिल्टरचं बॅकवॉश, डिस्क फिल्टरची सफाई टाळू नका. लॅटरलची टोकं उघडून जोरात पाणी सोडा. शंख बाहेर पडताना दिसतील.

खरा इलाज वर्षातून एकदा, छाटणीच्या आणि पाण्याच्या वेळापत्रकात बसेल तेव्हा, तळं पूर्ण रिकामं करून प्लास्टिक कागद मे महिन्याच्या उन्हात वाळवणं. फायसाला झाकण नाही, ती कोरड्यात फार टिकत नाही. घडीत किंवा कोपऱ्यात ओल राहिली तर मात्र तिथे ती तग धरते, म्हणून घड्या उलगडून बघा. काढलेला गाळ ओढ्याच्या कडेला टाकू नका. शेतात पसरा.

१२. बोर्डोसाठी (द्राक्षावर फवारायच्या बुरशीनाशक मिश्रणासाठी) मोरचूद घरात आहेच. तळ्यात टाकलं तर एका दिवसात साफ होईल ना?

गोगलगायी मरतील हे खरं. बाकी काय होईल ते बघा. मोरचुदात तांबं असतं, आणि ते माशांना आणि पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना फार कमी प्रमाणातही घातक आहे. ते नाहीसं होत नाही, तळाच्या गाळात साठत जातं. आपल्याकडचं पाणी जड आणि क्षारीय असलं की तांब्याचा असर लवकर उतरतो, मग लोक दुप्पट मात्रा टाकतात. जेलीतली अंडी त्यातूनही वाचू शकतात. झाकण असलेल्या देशी गोगलगायी दार लावून काही काळ टिकतात, नंतर त्याही मरतात. मेलेल्या गोगलगायी कुजून पाण्याला वास येतो, प्राणवायू जातो आणि उरलेले मासे तरंगतात.

शेततळं स्वतःच्या मालकीचं असलं तरी सांडवा ओढ्याला जोडलेला असतो. नदीत, ओढ्यात, कालव्यात, सार्वजनिक तळ्यात मोरचूद, ब्लीचिंग पावडर, चुना किंवा कीटकनाशक गोगलगायींसाठी टाकू नका. मीठ टाकण्याचाही उपयोग नाही. बागेतल्या गोगलगायीवर चालणारा तो उपाय पाण्यात लगेच विरघळून जातो, आणि असर व्हावा एवढं मीठ टाकलं तर ते पाणी पिकाला देता येणार नाही.

१३. महापूर आला की सगळं वाहून जाईल ना? आणि निफाडच्या थंडीत?

रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या (नाशिककर पूर त्याच्यावरून मोजतात) छातीला पाणी लागतं तेव्हा कुंडांतल्या गोगलगायी खरोखरच वाहून जातात. त्या संपत नाहीत, खाली जातात. कडेच्या डबक्यांत, पाणवेलीच्या मुळांत, शेवटी नांदूर मध्यमेश्वरच्या गाळात. पूर ओसरला की उरलेल्या थोड्या पुन्हा वाढतात (प्रश्न ६).

थंडीवर अजिबात भरवसा ठेवू नका. निफाडला पारा पाच अंशांखाली गेला की द्राक्षाला धोका असतो, फायसाला नाही. ती जिथून आली तिथे तळी गोठतात.

१४. पाणवेली काढताना मुळांना शेकड्याने चिकटलेल्या असतात. त्याचं काय करावं?

पाणवेल हीसुद्धा दक्षिण अमेरिकेतून आलेली परकी वनस्पती, आणि तिच्या मुळांचा झुपका गोगलगायींना सावली, अन्न आणि अंडी घालायला जागा देतो. काढलेल्या वेलीचे ढीग काठालाच टाकले तर रात्रीतून बऱ्याच गोगलगायी पाण्याकडे परततात आणि पहिल्या पावसात उरलेल्याही. ढीग पूररेषेच्या बाहेर न्या, पातळ पसरून वाळवा, मग खत करा. ओल्या वेली जनावरांना किंवा खताला म्हणून दुसऱ्या तळ्याकाठी नेऊ नका. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत नदीची सफाई मोठ्या प्रमाणात होणार आहे. स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लावून धरावी. अवजारं आणि बूट दुसऱ्या नदीवर नेण्याआधी कोरडे करा.

१५. घाटावर अंघोळ केल्यावर अंगाला खाज आली. गोगलगायीमुळे?

होऊ शकतं, आणि त्यात देशी गोगलगायींचा हात जास्त असतो. पक्षी आणि गुरं यांच्या काही परजीवींच्या अळ्या इंडोप्लॅनॉर्बिस किंवा लिम्नियातून पाण्यात येतात, चुकून माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात. बारीक पुरळ, काही दिवस खाज, मग आपोआप बरं. ते एकाचं दुसऱ्याला होत नाही. बाहेर आल्यावर लगेच कोरड्या पंचाने अंग पुसून स्वच्छ पाण्याने धुवा. खाज आठवड्याहून टिकली, पू झाला, ताप आला तर डॉक्टरांकडे जा. सांडपाण्यातून होणारे त्वचारोग वेगळे असतात.

बिल्हार्झिया (गोगलगायींमार्फत येणाऱ्या रक्तकृमींचा रोग) होईल का, असंही विचारतात. माणसातल्या या रोगाचं एक केंद्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी १९५२ साली नोंदवलं गेलं होतं. तिथली मध्यस्थ गोगलगाय टोपीच्या आकाराची बारीक फेरिसिया होती. फायसाचा त्याच्याशी संबंध नाही.

१६. जनावरांच्या यकृतात पट्टकृमी होतात ते यांच्यामुळेच का?

ते कृमी पट्टकृमी नव्हेत, पानासारखे चपटे यकृतकृमी असतात. त्यांची मध्यस्थ लिम्निया, म्हणजे देशी. शेणातून अंडी पाण्यात, तिथून लिम्नियात, तिथून बाहेर पडून काठच्या गवतावर, आणि गवतातून पुन्हा जनावरात. जबड्याखाली सूज, खंगणं, दूध कमी होणं ही लक्षणं. गायीबैलांच्या नाकात होणारा आणि घोरल्यासारखा आवाज करणारा आजार इंडोप्लॅनॉर्बिसमार्फत येतो.

देशी म्हणजे निरुपद्रवी असं नाही, हे इथे मान्य करायला हवं. त्यावरचा उपाय मात्र नदीतल्या गोगलगायी मारणं हा नाही. दलदलीच्या काठावर चारू नका, हौदात पाणी पाजा, शेण पाण्याबाहेर ठेवा आणि जंतनाशक पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळेवर द्या.

१७. पावसाळ्यात बागेत येणारी मोठी तपकिरी गोगलगाय हीच का?

नाही. ती आफ्रिकन राक्षसी गोगलगाय, जमिनीवरची, पूर्व आफ्रिकेतून आलेली. १८४७ साली विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या बागेत सोडली, तिथून देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, दुबार पेरण्या झाल्या. तिच्यासाठी संध्याकाळी ओली गोणपाटं अंथरून सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचणं आणि मिठाच्या पाण्यात टाकणं परिणामकारक आहे. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांना विषारी असतात, त्या उघड्यावर टाकू नका. या गोगलगायीत उंदरांकडून येणारी एक जंतअळी असू शकते, ती माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणते. म्हणून लहान मुलांना हाताळू देऊ नका.

१८. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातखाचरात गुलाबी अंडी दिसली तर?

तर त्याच दिवशी फोटो काढा आणि कृषी विभागाला कळवा. पाण्याच्या वर, भाताच्या ताटावर किंवा बांधाच्या दगडावर गुलाबी मण्यांचा घोस ही पोमेसिया कॅनालिक्युलाटाची खूण आहे. आपली पायला अंडी पांढरी घालते, तीही काठच्या ओल्या मातीत. त्यामुळे चुकायला वाव नाही.

१९८० च्या सुमारास ती खाण्यासाठी म्हणून तैवानला नेली गेली. चव लोकांना रुचली नाही, पाळणाऱ्यांनी सोडून दिली, आणि पुढच्या दशकात फिलिपिन्ससह आग्नेय आशियातल्या भातशेतीत तिने हाहाकार माजवला. कोवळं रोप ती बुडापासून कुरतडते. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. अंड्यांमध्ये विषारी प्रथिन असल्याने त्यांना खाणारे प्राणीही अगदी थोडे. घोस हातमोजे घालून खरवडा आणि ठेचा.

टाकीसाठी ‘मिस्ट्री स्नेल’ म्हणून विकली जाणारी पिवळी गोगलगाय याच पोमेसिया कुळातली, भावंडांपैकी. ती घरात असेल तर प्रश्न ९ दुप्पट काळजीने वाचा.

१९. नदीतल्या गोगलगायी, शिंपले खाल्ले तर चालतात?

डोंगरपट्ट्यात ओढ्यातले खेकडे-शिंपले खाण्याची जुनी रीत आहे आणि चांगले शिजवून खाल्ले तर त्यात गैर काही नाही. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले नकोत, परजीवींमुळे. शहराच्या खालच्या बाजूचे तर शिजवूनही नकोत. शिंपला पाणी गाळून जगतो, त्यामुळे पाण्यातले जड धातू त्याच्या अंगात साठतात आणि ते शिजवून जात नाहीत.

२०. गप्पी मासे, बदकं किंवा दुसरी शिकारी गोगलगाय सोडून बंदोबस्त होईल का?

गप्पी स्वतः परका मासा आहे आणि शंखातली गोगलगाय तो खात नाही. घरच्या बंदिस्त तळ्यावर पाळीव बदकं ठेवली तर ती गोगलगायी आवडीने खातात, तो उपाय ठीक आहे.

शिकारी गोगलगायीचं नाव काढू नका. आफ्रिकन गोगलगाय मारायला १९५५ साली हवाई बेटांवर एक शिकारी गोगलगाय सोडली. तिने आफ्रिकनकडे फारसं लक्ष दिलं नाही, तिथल्या झाडांवरच्या देशी गोगलगायी मात्र संपवत गेली. त्यातल्या काही जाती आता जगात कुठेच उरलेल्या नाहीत.

२१. डाव्या तोंडाचा शंख सापडला. हाच दक्षिणावर्ती शंख का? एकाने हजार रुपये सांगितले.

पैसे देऊ नका. पूजेतला शंख समुद्रातल्या वेगळ्या, मोठ्या आणि जड गोगलगायीचा असतो. त्याचं टोक खाली धरून दिशा बघतात. प्रश्न ३ मध्ये टोक वर धरलं आहे. धरण्याची पद्धत उलटी असल्याने शास्त्रज्ञ ज्याला डावा म्हणतात तोच पूजेत दक्षिणावर्ती ठरतो, आणि समुद्री शंखात तो फारच दुर्मीळ. फायसाचा प्रत्येकच शंख डावा असतो. नखाएवढा, दाबला तर फुटणारा.

२२. सापडलेली गोगलगाय कुणाला दाखवू?

मागच्या कॅमेऱ्याने तीन फोटो: तोंडाची बाजू, पाठीची बाजू, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. तारीख आणि जागा नेमकी लिहा. ‘गोदावरी’ पुरत नाही, ‘कपिला संगमाच्या वर, डावा काठ’ असं हवं. आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) टाका, जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला दाखवा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका, फोटो पुरतो. फायसा न दिसलेल्या ठिकाणांचीही नोंद करा. उद्या तिथे ती आली तर कधी आली हे त्यावरूनच कळेल.

२३. मेलानॉइडिस देशी म्हणता, पण परदेशी संकेतस्थळांवर तिला आक्रमक लिहिलंय. खरं काय?

दोन्ही. आपल्याकडे ती इथलीच आहे. शोभेच्या टाक्यांतून अमेरिकेत गेली आणि तिथे उपद्रवी ठरली. तिच्या माद्या नराशिवाय पिल्लं देऊ शकतात, त्यामुळे एकटी पोचली तरी वसाहत उभी राहते. आक्रमकपणा हा जातीचा कायमचा गुण नसतो, तो ठिकाणावर अवलंबून असतो. त्यामुळे परदेशी यादी बघून इथली मेलानॉइडिस मारू नका, आणि इथली आहे म्हणून परदेशी पाठवूही नका.

२४. गंगापूर धरणाच्या वरून देशी बेलामिया, शिंपले आणून रामकुंडात सोडले तर नदी सुधारेल?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू मला मनापासून आवडतो, तरी उत्तर नाही असंच आहे. प्राणवायू नसलेल्या पाण्यात आणि काँक्रीटच्या तळावर ती काही दिवसांत मरतील, आणि जिथून आणली तिथली वस्तीही कमी होईल. वरून परजीवी आणि चिकटून आलेली दुसरी जात पसरण्याचा धोका.

शिंपल्यांची अगदी लहान पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून प्रवास करतात. म्हणजे देशी मासे वर-खाली फिरू शकले तर शिंपले आपले आपण येतात. बेलामिया पुराबरोबर वरून खाली येत राहतेच. ती तिथे टिकायची असेल तर नासर्डी आणि वाघाडीतून येणारं सांडपाणी बंद व्हायला हवं, उन्हाळ्यातही पात्रात थोडं वाहतं पाणी हवं आणि कुंडांच्या तळाचं काँक्रीट निघायला हवं. महापालिकेला पत्र लिहिणार असाल तर या तीन मागण्या लिहा, गोगलगाय मारण्याच्या औषधाची नको.